अनोळखी पत्त्यावर पाठवलेली दिवाळी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरल्यावर आपल्या दैनिकात एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र प्रसिद्ध झाले होते. त्यांच्या नातीने फोनवरच्या एका समूहातील, कधी डोळ्यांनीही न पाहिलेल्या माणसाला टपालाने दिवाळीची भेट पाठवली आणि आपल्या घराचा पत्ता आणखी तिसऱ्याच अनोळखी माणसाच्या हाती दिला, हे कळल्यावर जिवाला लागलेला घोर त्यांनी त्या पत्रात कळकळीने मांडला होता. ज्याची ओळखदेख नाही त्याला भेट पाठवायची कशासाठी आणि त्याच्याकडून घ्यायची तरी कोणत्या नात्याने, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. तो प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला, कारण गेली तीन वर्षे अशाच एका देवघेवीची व्यवस्था पाहणाऱ्या चौघींपैकी मी एक आहे. त्यांची काळजी अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. तिच्यातला बराचसा भाग मला मान्यच आहे. मात्र पत्ता उघड होण्यापेक्षाही एक मोठे दुखणे या प्रकारात आहे, ते बाहेरून पाहणाऱ्याला दिसत नाही, आणि ते सांगितल्याशिवाय या विषयाचे चित्र पुरे होत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमचा समूह दिवाळी अंक वाचणाऱ्यांचा आहे. पुणे, इचलकरंजी, भंडारा, किनवट, बेळगाव, इंदूर अशा ठिकाणची मंडळी त्यात आहेत आणि दोघे-तिघे परदेशातही आहेत. कोणता अंक चांगला निघाला, कोणती कथा मनात राहिली, यावर वर्षभर बोलणे चालते, पण प्रत्यक्ष भेट म्हणावी तर बहुतेकांची झालेली नाही. यंदा, म्हणजे २०२५ च्या दिवाळीच्या देवघेवीसाठी, ४६ जणांनी नावे दिली. नियम मोजके आहेत. भेट तीनशे रुपयांच्या आत बसवायची, टपालखर्च त्याहून वेगळा. पेटीत एक दिवाळी अंक किंवा पुस्तक, आपल्या गावची एखादी वस्तू आणि स्वतःच्या हाताने लिहिलेले पत्र असावे. पत्र नसेल तर भेट पुरी झाली असे आम्ही मानत नाही. बाटलीतले तेल, अत्तर, नासणारे पदार्थ चालत नाहीत, आणि फटाक्यांना तर टपालात मनाईच आहे.

नावे कशी जुळवतो तेही सांगते, कारण सगळी गोम त्यातच आहे. दोघादोघांच्या जोड्या आम्ही लावत नाही. चिठ्ठ्या काढून सगळ्या नावांचे एक वर्तुळ करतो. पहिल्याने दुसऱ्याला पाठवायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि सेहेचाळिसाव्याने पहिल्याला. त्यामुळे कोणाच्याही वाट्याला स्वतःचे नाव येत नाही, आणि ज्याला आपण देतो त्याच्याकडून आपल्याला काही येत नाही. आपल्याला देणारा कोण, हे पेटी उघडून पत्र वाचेपर्यंत कळत नाही.

माझ्या माहेरी आहेराची एक लांबट वही होती. लग्नामुंजीत कोणी काय दिले ते माझी आई तीत बारीक अक्षरात टिपून ठेवायची: अमक्याकडून अकरा रुपये, तमक्याकडून स्टीलचा डबा, कोणाकडून खण. त्यांच्या घरी कार्य निघाले की वही काढायची, तेवढेच किंवा त्याहून थोडे अधिक द्यायचे, आणि त्या नोंदीवर आडवी रेघ मारायची. त्या वहीला मी नावे ठेवत नाही. आमच्यासारख्या बेताच्या संसारात माणसे एकमेकांना धरून राहिली ती अशा वह्यांच्या आधाराने. मात्र त्या वहीत नसलेल्या माणसाला काही देण्याची वेळ सहसा येत नसे. आमच्या वर्तुळात परतफेडीचा हिशेबच राहत नाही, कारण ज्याची परतफेड करायची तो समोर नसतो. उरते ते एवढेच, की माझ्याकडे आले तसे माझ्या हातून पुढे गेले पाहिजे.

हे परक्यांकडून उचललेले खूळ आहे असेही त्या पत्रात सुचवले होते, आणि इथे मात्र मी त्यांच्याशी सहमत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्याकडे वाण लुटतात तेव्हा शेजारणीबरोबर आलेल्या, नावही ठाऊक नसलेल्या पाहुणीच्या हाती वाण द्यायला कोणी मागेपुढे पाहत नाही. संक्रांतीच्या शुभेच्छापत्रात हलव्याचे चार दाणे घालून ते पाकीट परगावी टाकण्याची रीत तर आपली पूर्वापारची. टपाल हाती आले की पाकीट हलवून आतल्या दाण्यांचा आवाज ऐकायचा, हे माझ्या पिढीतल्या बहुतेकांना आठवत असेल. आणि पुणेकरांना भाऊबीज निधी सांगायला हवा असे नाही. महर्षी कर्वे यांच्या संस्थेसाठी स्वयंसेवक घरोघर जाऊन भाऊबीज गोळा करतात, आणि ज्या मुलींच्या शिक्षणाला ती जाते त्यांचे तोंडही न पाहिलेली माणसे ती दरवर्षी देतात. अनोळखी बहिणीला ओवाळणी घालण्याची सवय असलेल्या या गावाने अनोळखी वाचकाला अंक पाठवण्यात काही विपरीत पाहू नये, असे मला मनापासून वाटते.

यंदा माझ्याकडे आलेली पेटी भंडारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेने पाठवलेली होती. वसुबारसेच्या दिवशी, १७ ऑक्टोबरला दुपारी ती आली. पेटी बुटांच्या खोक्याची होती, पण चारही कडांना कापडाची पट्टी खळीने चिकटवून वर सुतळीचे दोन वेढे घेतलेले होते. आत तांदळाची एक लहानशी थैली होती, जुन्या सुती साडीच्या कापडाची, तोंडाशी हातशिलाईचे टाके घातलेली. पाव किलो चिन्नोर तांदूळ, गेल्या हंगामातला, म्हणजे चांगला मुरलेला. थैलीचा दोरा उसवला आणि खोलीभर वास पसरला. सोबत मातीच्या चार पणत्या होत्या, प्रत्येक पणती त्यांच्याकडच्या वर्तमानपत्राच्या वेगवेगळ्या पानात गुंडाळलेली. मी ती पाने टेबलावर हाताने सरळ केली आणि एकेक करून वाचली. धानाचे भाव, आठवडी बाजार, एका शाळेच्या पटसंख्येची बातमी, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फोटो. ज्या जिल्ह्याचे नाव मी नकाशाखेरीज कुठे वाचले नव्हते, तिथे त्या आठवड्यात काय चालले होते ते मला पणत्यांच्या वेष्टनातून कळले. वर्तमानपत्राला पत्र लिहिताना हे आवर्जून सांगावेसे वाटले. त्यांचे पत्र वहीच्या रेघी कागदावर होते आणि त्याच्या शेवटी लिहिले होते, ‘तांदूळ धुताना हलक्या हाताने धुवा, ताई, कणी फार पटकन होते.’ पाडव्याला तो भात केला. हात अगदी हलका ठेवला होता.

मी पाठवलेली पेटी बेळगावला गेली. तिच्यात तांबट आळीतून घेतलेली तांब्याची एक लहान पळी होती. तिच्या दांड्यावर मठारकामाचे ठोके इतके जवळजवळ होते की बोट फिरवले तर खवल्यांसारखे लागत.

आता त्या दुखण्याविषयी. ४६ पैकी ४३ पेट्या भाऊबीजेपर्यंत पोहोचल्या. दोन मागाहून पोहोचल्या. एक निघालीच नाही. ती ज्यांना जायची होती ते कोथरूडला एकटे राहणारे, पंचाहत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत. त्यांच्या सुनेने हौसेने त्यांचे नाव घातले होते. त्यांनी स्वतः पाठवलेली पेटी धनत्रयोदशीच्या आधीच पोहोचली होती. आपल्या वाट्याची पेटी केव्हा येते म्हणून ते रोज सकाळी आणि संध्याकाळी खाली उतरून पहारेकऱ्याला विचारत होते, हे मला त्यांच्या सुनेकडून कळले. भाऊबीज उलटून गेल्यावर मी फोन केला तर तेच मला समजावू लागले, “ताई, माझाच पत्ता लिहिण्यात चुकला असेल हो. त्या मुलाला काही बोलू नका.” पत्ता चुकलेला नव्हता. ज्या तरुणाने पाठवायचे होते त्याला त्याची भेट वेळेवर मिळाली होती, आणि तिचे छायाचित्रही त्याने समूहात टाकले होते. तो लबाड आहे असे मला वाटत नाही. आज पाठवतो, शनिवारी पाठवतो असे करत दिवस गेले, मग उशीर झाल्याची लाज वाटू लागली, आणि लाजेपोटी त्याने फोन घेणेच बंद केले. बँकेत सदतीस वर्षे काढताना थकलेल्या हप्त्यांचे असेच होताना मी पाहिले आहे. पहिला हप्ता चुकतो तो अडचणीने, आणि पुढचे चुकतात ते तोंड दाखवायच्या संकोचाने.

अनोळखी माणसाकडून फसवणूक होईल ही भीती सगळे बोलून दाखवतात. प्रत्यक्षात तीन वर्षांत आमच्याकडे कोणी कोणाला फसवले नाही. मात्र वचन देऊन ते हलक्यात घेतल्याने एका म्हाताऱ्या माणसाची दिवाळी पहारेकऱ्याच्या खोलीशी खेटे घालण्यात गेली. घरातला माणूस विसरला तर आपण रागावतो आणि सोडून देतो, कारण उद्या तो आपल्याच पंगतीला बसणार असतो. अनोळखी माणसाशी आपले नाते त्या एका पेटीपुरतेच असते. ती गेली नाही तर पाठीमागे भरून काढायला दुसरे काही नसते. म्हणून नाव देणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः तरुण मंडळींना, माझे हात जोडून सांगणे आहे की, पाठवायला जमेल याची खात्री नसेल तर नाव देऊ नका. नाव न देण्यात काही कमीपणा नाही.

अशा प्रसंगासाठी काय करावे याचा धडा अमेरिकेतल्या अनुभवातून घेता येतो. रेडिट या संकेतस्थळावर २००९ मध्ये नाताळच्या भेटींची अशीच देवघेव सुरू झाली आणि पुढे ती जगातली सर्वांत मोठी ठरली. २०१३ मध्ये बिल गेट्स यांनीही तिच्यात एका अनोळखी बाईंना भेट पाठवली होती. तिथे ज्यांना भेट मिळाली नाही त्यांच्यासाठी आणखी एक भेट पाठवायला स्वेच्छेने पुढे येणारे लोक असत. २०२१ च्या नाताळानंतर तो उपक्रम बंद झाला, पण ही पद्धत आम्ही उचलली आहे. आमच्यातले पाच जण आधीच एकेक जादा भेट तयार ठेवतात. कोथरूडच्या गृहस्थांना तुळशीच्या लग्नाच्या सुमारास इचलकरंजीहून अशी पेटी गेली. ती मिळाल्याचे त्यांनी पोस्टकार्डाने कळवले.

पत्त्याच्या सुरक्षिततेकडे मी दुर्लक्ष करत नाही. आमच्याकडे सगळ्यांचे पत्ते फक्त दोघींकडे असतात, प्रत्येक सभासदाला एकच पत्ता दिला जातो, आणि फेरी संपली की यादी नष्ट केली जाते. एकट्या राहणाऱ्या मुलींना आम्ही घराऐवजी कामाच्या ठिकाणचा, ओळखीच्या दुकानाचा किंवा वाचनालयाचा पत्ता द्यायला सुचवतो. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन नावाची दहा अक्षरी खूण आणली आहे. तिने साधारण चार मीटर लांबी-रुंदीचा चौकोन नेमका दाखवता येतो. रुग्णवाहिकेला ती फार उपयोगाची ठरेल, पण अनोळखी माणसाला आपला चौकोन कळवण्याचे काहीच कारण नाही. भेट पोहोचायला नाव, इमारत, रस्ता आणि पिनकोड एवढे पुरते, मात्र तो अचूक हवा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या पिनकोडामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी होते, जे संस्कृत कवीही होते, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. पुणे ४११०३० च्या जागी ४११०३८ लिहिले तर सदाशिव पेठेची पेटी कोथरूडची वाट धरते, आणि असे आमच्याकडे दोनदा झाले आहे.

दुसरा धोका संदेशांचा. ‘आपले पार्सल अपुऱ्या पत्त्यामुळे अडकले आहे, या दुव्यावर जाऊन शुल्क भरा’ असे खोटे संदेश टपाल खात्याच्या नावाने फिरतात, आणि कुठून तरी पेटी येण्याची वाट पाहणारा माणूस त्यांना चटकन बळी पडतो. असा दुवा उघडू नये आणि पैसे गेलेच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी, हे आम्ही फेरी सुरू करतानाच सगळ्यांना लिहून कळवतो. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे ‘एक भेट पाठवा, छत्तीस मिळवा’ अशी साखळी. अमेरिकेत ‘सीक्रेट सिस्टर’ या नावाने ती २०१५ पासून दर नाताळात डोके वर काढते. आमचे वर्तुळ आणि ही साखळी लोकांना सारखीच वाटते, म्हणून हिशेब मांडते. एकाने सहा जणांना आणायचे, त्या प्रत्येकाने आणखी सहा जणांना, असे करत गेले तर बाराव्या पायरीवर २१७ कोटी माणसे लागतात. एवढी माणसे साऱ्या भारतात नाहीत. म्हणजे वरच्या थोड्यांना मिळते आणि खालचे बहुसंख्य बुडतात. पैसे फिरवण्याच्या अशा योजनांवर आपल्याकडे १९७८ पासून कायद्याने बंदी आहे. पैशांऐवजी भेटवस्तूंचे नाव पुढे केले म्हणून त्यातला खोटेपणा कमी होत नाही. जिथे एक द्यायचे आणि एकच मिळायचे, आणि नवी माणसे आणण्याची अट नाही, तिथेच नाव द्यावे.

आता टपालाविषयी, कारण हा सगळा खेळ त्याच्या जिवावर चालतो. या वर्षी रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आणि १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टाचे नवे दर आले. गावाबाहेर ५० ग्रॅमपर्यंत ४७ रुपये आणि वर जीएसटी. नोंदणी मात्र पाच रुपये जादा भरून आजही करता येते, आणि मग वस्तू ज्याच्या नावाची त्याच्याच किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या हाती पडते. तेवढ्याच पैशांत ओटीपी घेऊन वस्तू देण्याचीही सोय आहे, पण त्यासाठी समोरच्याचा फोन क्रमांक लागतो. अनोळखी माणसाचा क्रमांक मागण्यापेक्षा नोंदणीचे पाच रुपये भरणे चांगले, असा आमचा सल्ला असतो. खाजगी कुरिअरचाही अनुभव सांगते. नाव घेत नाही, पण गेल्या वर्षी एका कुरिअरने आमच्या एका सभासदाची पेटी फाटकाशी भिजत ठेवली आणि फोनवर ‘पोहोचले’ अशी नोंद केली. आतला अंक चार दिवस दोरीवर पानापानाने वाळत होता. तेव्हापासून खोक्याच्या आत सगळ्यात आधी प्लास्टिकची पिशवी, मग पुस्तक, असा आमचा नियम आहे. फराळापैकी शंकरपाळे प्रवासाला टिकतात. चकल्या पाठवायच्याच असतील तर उंच गोल डब्यात एकावर एक रचून वर कागदाचा बोळा घट्ट दाबावा. मोकळ्या घातल्या तर पोहोचतो तो चुरा.

टपाल खात्याला माझी एक विनंती आहे, आणि आपल्या दैनिकाने ती उचलून धरावी. माझे वडील दर दिवाळीला वाचून झालेले दोन अंक इंदूरला माझ्या काकांना बुक पोस्टाने धाडत. पुडके एका बाजूने उघडे ठेवावे लागे, म्हणून ते कागदाची नीट घडी करून सुतळी बांधत आणि मला गाठीवर बोट धरायला सांगत. अंकांचा हा प्रवास स्वस्त होता म्हणूनच होत असे. नोंदणीकृत बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाले. त्यावर प्रकाशकांनी आणि वाचकांनी नाराजी व्यक्त केली, आणि १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पेटी कुठवर पोहोचली तेही पाहता येते. पुस्तके पाठवणाऱ्यांसाठी ही फार चांगली गोष्ट झाली आणि त्याबद्दल खात्याचे आभार मानलेच पाहिजेत. परंतु तिच्या नियमांत व्यापारी स्वरूपाची किंवा जाहिराती असलेली प्रकाशने बसत नाहीत. पुस्तकांच्या याद्या आणि किरकोळ निवेदने तेवढी चालतात. दिवाळी अंक तर जाहिरातींवरच उभा असतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीतले उत्तमोत्तम कथालेखन आणि कविता या अंकांतून वाचकांपर्यंत गेल्या आहेत, आणि त्या छापण्याचा खर्च सराफांच्या, बँकांच्या, कापडाच्या दुकानांच्या जाहिरातींनी उचलला आहे. जाहिरातीचे पान आहे म्हणून त्यातल्या दीडशे पानांच्या साहित्याला ज्ञान न मानणे, हा महाराष्ट्राच्या वाचनाच्या चालीशी न जुळणारा नियम आहे. सामाजिक आणि सांस्कृतिक विषयांवरचे साहित्य या सेवेत चालते असे खातेच म्हणते. मग वर्षातून निदान दीड महिना, घटस्थापनेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, दिवाळी अंकांना तिच्यात जागा द्यावी. एक जाड अंक सहज अर्धा किलो भरतो, आणि तीनशे रुपयांच्या भेटीत टपालखर्चच भेटीशी स्पर्धा करू लागला की शिक्षक, विद्यार्थी, निवृत्तिवेतनावर जगणारी माणसे नावे मागे घेतात. यंदा अशी सहा नावे मागे गेली.

परदेशातल्या मराठी मंडळींचे वेगळे त्रांगडे आहे. डिसेंबर २०१९ पासून परदेशातून टपालाने किंवा कुरिअरने येणारी भेटवस्तू पूर्ण सीमाशुल्क भरल्याशिवाय सोडवता येत नाही. सवलत आहे ती प्राणरक्षक औषधांना आणि राखीला. उलट बाजूने, अमेरिकेने लहान पार्सलांची करसवलत काढून घेतल्यामुळे यंदा २५ ऑगस्टपासून आपल्या टपाल खात्याने तिकडे बहुतेक पार्सले घेणे थांबवले होते, आणि ते पुन्हा पूर्ववत सुरू झाले १५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या अवघे सहा दिवस आधी. म्हणून परदेशातल्या सभासदांना आम्ही अप्पा बळवंत चौकातल्या दुकानातून पुस्तक घेऊन इथूनच पाठवायची मुभा दिली आहे. पत्र ते लिहून त्याचे छायाचित्र पाठवतात, आणि आमच्यापैकी कोणीतरी ते छापून पेटीत घालते. हाताच्या अक्षराची सर त्याला येत नाही, पण काही नसण्यापेक्षा ते बरे.

येत्या १४ जानेवारीला संक्रांत आहे आणि आमची तिळगुळाची फेरी ठरली आहे. तिच्यात वस्तू नाही, पुस्तकही नाही. एक पत्र आणि बटरपेपरच्या घडीत हलव्याचे दाणे, एवढेच. वीस ग्रॅमच्या आत बसवले तर पाच रुपयांच्या तिकिटात साध्या टपालाने जाते. हलवा घरी करणाऱ्या दोघी-तिघी आमच्यात आहेत. थंडी पडल्याशिवाय काटा धरत नाही, त्यामुळे त्यांनी आत्ताच पाक चमच्याने थेंबथेंब सोडायला सुरुवात केली आहे. या फेरीसाठी नावे मागवली तेव्हा पहिले नाव आले ते कोथरूडच्या त्या गृहस्थांचे. त्यांच्या वाट्याला किनवटला शिकणारी एक मुलगी आली आहे. टपालाला किती दिवस लागतील ते विचारायला परवा त्यांचा फोन आला, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनीच सांगितले की, पोरीला वाट पाहायला लागू नये म्हणून पाकीट दोन तारखेलाच टपालपेटीत टाकतो.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी
सदाशिव पेठ, पुणे ३०

(नाव व पत्ता सोबत स्वतंत्र कागदावर दिला आहे, तो प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)